रात्रीची भाकरी अलीकडे आणताना

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला आहे तो उपोसथ आणि आरोग्य. खरं तर यावर भन्तेजींनी बोलावं, नाहीतर डॉक्टरांनी. आम्ही सूतगिरणीत रिंग फ्रेमवर तुटलेले धागे जोडणारी माणसं. शाळा अर्धी सुटली, पुढचं जे काही वाचलं ते विहाराच्या कपाटातून आणि रात्रपाळी करून आल्यावर. तरी उभे राहिलो, कारण २०२२ च्या वर्षावासात आपल्या विहारातल्या आम्ही आठ जणांनी जेवणाच्या वेळा बदलायला घेतल्या आणि आज आमच्यातले सहा जण तो नेम पाळून आहेत. तो कसा बसला, कुठे अडला, कोणी करू नये, याचा हिशेब वस्तीपुढे मांडणं आमचं काम आहे. वर्गणीचा हिशेब देतो तसाच हाही.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. याच विहारात एका पौर्णिमेला अष्टशील घेतलेल्या आमच्या एक ताई संध्याकाळी वंदनेला उभ्या असताना खाली बसल्या. अंगाला घाम, हात थरथरत होते, बोलणं बोबडं. कोणी म्हणालं उन्हाचं झालं, कोणी म्हणालं अंगात आलं. आता बौद्ध विहारात अंगात येणं म्हणजे काय, ते म्हणणाऱ्यालाच ठाऊक! शेजारच्या घरातून साखर मोजायचं यंत्र आणलं तर साखर ५२. ताईंनी सकाळी मधुमेहाची गोळी नेहमीसारखी घेतली होती, अकरा वाजता जेवल्या त्या थोडंसंच, आणि पुढे पाण्याशिवाय काही नाही. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा-वीस मिनिटांत माणसात आल्या. श्रद्धा चांगली होती, शीलही चांगलं होतं. पण रोज सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत काही ना काही खाणारं शरीर, तेही गोळीवर चालणारं, एका दिवसात थेट अठरा तासांच्या उपासाला जुंपलं गेलं. तेव्हापासून आम्ही काही जण या विषयाच्या मागे लागलो.

अठरा तास म्हटलं ते मोजून म्हटलं. अष्टशीलातलं सहावं शील विकालभोजनाचं. दुपारचे बारा कलले की दुसऱ्या दिवशीचं उजाडेपर्यंतचा काळ हा विकाल. बारा ते सकाळचे सहा, म्हणजे अठरा तास. हल्ली मोबाईलवर पोरं सोळा तास उपास आणि आठ तास खाणं असं काही दाखवतात आणि ते नवीन म्हणून सांगतात. आपल्या भिक्खू संघाने त्याहून कडक नेम अडीच हजार वर्षं पाळला आहे. अर्थात भिक्खू तो वजन कमी करायला पाळत नव्हते, हेही ध्यानात ठेवू.

आता आपल्या लोकांशी उपासाबद्दल बोलायचं म्हणजे अवघड जागेचं दुखणं. आमची आई म्हणायची, उपास भरल्या घरच्यांनी करावा, आपला तर जन्मच उपास. तिचं खोटं नव्हतं. येसकराच्या पाळीला गावात फिरून टोपलीत भाकरी गोळा करायची ती संध्याकाळी. लोकांच्या चुली पेटल्या, त्यांची जेवणं उरकली की उरलंसुरलं आपल्या वाट्याला यायचं. दिवसभर पोरं त्या टोपलीची वाट बघायची. बरकतीच्या दिवसात चान्या वाळवून ठेवायच्या आणि पावसाळ्यात त्या पुरवायच्या. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, सुकडी आणि मिलो खाल्ली. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं तेव्हा बाहेरच्यांना त्यातली भूक वाचून धक्का बसला, आपल्या म्हाताऱ्यांना नाही बसला. आणि हे फार जुनं झालं असंही समजू नका. २०२० च्या टाळेबंदीत गिरणी बंद, माग बंद. याच विहाराच्या अंगणात खिचडीचं पातेलं चढलं होतं आणि रांगेत कोण उभं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

त्यामुळे रात्रीचं पोटभर ताट ही आपल्याकडे नुसती सवय नाही. ती इज्जत आहे. बाप कामावरून आला, सगळी घरदार मिळून बसली, भाकरी गरम आहे, कालवण झणझणीत आहे, आणि कोणाच्या दारात मागायला जायचं नाही, यासाठी दोन पिढ्या राबल्या. त्या ताटाला हात लावायची भाषा केली की माणूस बिथरतो. आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी पहिल्याच बैठकीत सुनावलं, अरे आता कुठे दोन वेळचं मिळायला लागलं, तर तुम्ही एक वेळ काढायला निघालात?

दुसरी अडचण देवाधर्माची. सोमवार, संकष्टी, एकादशी हे सगळं आपण १९५६ साली दीक्षाभूमीवर सोडलं. मग हा उपास मागल्या दाराने परत आला काय, असं तरुण पोरं विचारतात. विचारलंच पाहिजे. आणि उपोषण म्हटलं की आपल्या माणसाला आणखी एक आठवतं, ते १९३२ सालचं येरवडा. २० सप्टेंबरला गांधीजींनी अन्न सोडलं आणि २४ तारखेला बाबासाहेबांना पुणे करारावर सही करावी लागली. उपाशी राहून दुसऱ्यावर दाब आणता येतो हे आपल्याइतकं कोणाला कळणार! म्हणून आम्ही सुरुवातीलाच ठरवलं, की यात पुण्य नाही, नवस नाही, कोणाला धाक नाही. शरीराला उसंत मिळावी, मनाला जिभेवर थोडी लगाम बसावी, एवढंच. साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा लाडू, त्यावर बटाट्याचा कीस, आणि म्हणायचं उपास आहे, हे आपल्याकडे चालणार नाही.

बुद्धाने या बाबतीत काय केलं ते बघायला आम्ही कपाटातली मज्झिम निकायाची भाषांतरं काढली. आम्हाला वाटलं होतं, नियम असेल, सांगितला असेल, झालं. तसं नाही. लटुकिकोपम सुत्तात उदायी थेर स्वतः सांगतात की पूर्वी आम्ही सकाळी, दुपारी अवेळी आणि संध्याकाळीही जेवत होतो. भगवंतांनी आधी फक्त दुपारचं अवेळी जेवण सोडायला सांगितलं. तेव्हाही भिक्खूंना वाईट वाटलं, कारण गृहस्थ दिवसा चांगलंचुंगलं वाढायचे. तरी तथागतावरच्या आदरापोटी सोडलं. त्यानंतर काही काळाने रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं. मग तर जास्तच जड गेलं, कारण दोन्हीत चांगलं जेवण तेच होतं. उदायी कारणही देतात: जी काही रांधणं होतात ती बहुतेक रात्री, दिवसा थोडीच. हे वाचून आमच्यातले दोघे-तिघे हसलेच. अडीच हजार वर्षांपूर्वीचं आपल्या गल्लीतलं स्वयंपाकघर!

पुढे त्याच सुत्तात भिक्खू रात्री भिक्षेला जाताना काय हाल व्हायचे ते आहे. अंधारात कोणी उकिरड्याच्या खड्ड्यात पडे, कोणी काट्यात शिरे, कोणी झोपलेल्या गाईवर आदळे. एकदा उदायी असेच काळोखात एका घरापाशी उभे होते. आतली बाई भांडं घासत होती. वीज चमकली, तिला एकदम माणूस दिसला आणि ती भूत आलं म्हणून किंचाळली. मी भूत नाही, भिक्षेला उभा आहे, असं यांनी सांगितल्यावर तिने जे सुनावलं ते सभेत सांगण्यासारखं नाही. सारांश असा, की पोटासाठी रात्री असा हिंडतोस त्यापेक्षा सुरीने पोट फाडून घे. आम्हाला यातलं महत्त्वाचं वाटलं ते हे, की नियम दोन टप्प्यांत आला, मध्ये वेळ दिला, आणि ज्यांनी पाळला त्यांना आधी रडू आलं हे ग्रंथात लपवून ठेवलेलं नाही.

भद्दाली सुत्तात तर भद्दाली भिक्खू उठून म्हणतात, एकदाच जेवायचं मला जमणार नाही, माझं मन खात राहील. बुद्ध त्यांना रागावत नाहीत, वाट काढून देतात: जिथे आमंत्रण असेल तिथे थोडं जेव, थोडं बरोबर आण आणि नंतर खा. तेही भद्दालींना पटलं नाही, पुढचे तीन महिने ते समोर आले नाहीत, मग येऊन क्षमा मागितली. शिवाय आजारी भिक्खूला तूप, लोणी, तेल, मध, गूळ ही औषधं अवेळीही चालतील अशी मुभा आहे, आणि दुपारनंतर आंब्या-जांभळासारख्या फळांची गाळलेली पेयंही चालतात. आणि या सगळ्याच्या आधी सिद्धार्थाने स्वतः सहा वर्षं देह झिजवून पाहिला होता. त्यातून काही हाती लागत नाही म्हणून सुजातेची खीर घेतली आणि पाच सोबती सोडून गेले ते सोसलं. ज्याने टोकाचा उपास असा सोडून दिला त्याच्या नावावर आपण टोकाचा उपास कसा करणार?

कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट संयुत्त निकायात आहे, ती लहान मुलांनाही सांगा. राजा द्रोणभर भात खायचा आणि धापा टाकत बुद्धाकडे यायचा. बुद्धाने मोजून खाण्यावर एक गाथा सांगितली. सुदस्सन नावाच्या तरुणाने ती पाठ करून राजाच्या जेवणाच्या वेळी म्हणायची, त्याला रोज शंभर कहापण. अट्ठकथेत आणखी बारकावा आहे. गाथा जेवणाच्या सुरुवातीला म्हणायची नाही, शेवटच्या घासाला म्हणायची. राजा तो घास ठेवेल, त्या घासातली शितं मोजायची आणि दुसऱ्या दिवशी तेवढे तांदूळ कमी शिजवायचे. असं करत करत राजा नाळीभर भातावर आला. बघा, कोणी राजाचं ताट ओढून घेतलं नाही. एक घास, फक्त एक.

आम्ही तीच रीत धरली. २०२२ ची आषाढी पौर्णिमा १३ जुलैला होती, अश्विन पौर्णिमा ९ ऑक्टोबरला. मधल्या तीन महिन्यांचा वर्षावास. संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालूच असतं. वाचन झालं की दहा मिनिटं आम्ही आठ जण बसायचो.

पहिला आठवडा काही सोडायचं नाही. पोरांच्या जुन्या वहीत दोनच गोष्टी लिहायच्या, सकाळी तोंडात पहिलं काय आणि किती वाजता, रात्री शेवटचं काय आणि किती वाजता. लिहायला लागल्यावर डोळे उघडले. पहाटे साडेपाचला साखरेचा चहा आणि बटर, रात्री साडेअकराला टीव्हीपुढे फरसाण. अठरा तास तोंड चालू. मधे गेटवरचा वडा, मुकादमाबरोबरचा कट चहा, साहेबाच्या वाढदिवसाचा पेढा, हे तर कोणी जेवणात धरतच नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात रात्रीच्या जेवणानंतरचं सगळं बंद. जेवण पूर्वीच्याच वेळी, पूर्वीइतकंच. पण हात धुतले की पाण्याशिवाय काही नाही, ते सकाळपर्यंत. एवढ्यानेच रात्रीची उसंत वाढते, आणि सकाळचा गोड चहा जरा पुढे ढकलला की आणखी. चहाचं मात्र भांडण झालं. ज्याला तीस वर्षं पहाटेचा चहा आहे त्याचं तो एकदम तोडल्यावर डोकं दुखणारच. मग कोरा चहा, साखर-दुधाशिवाय, चालेल असं ठरलं. ज्याला कोऱ्या चहाने जळजळ होते त्याने गरम पाणी. साखर आधी दोन चमच्यांवरून दीडवर, मग एकवर. जीभ पंधरा दिवस कुरकुरते, नंतर दुसऱ्याच्या घरचा चहा आपल्याला गोडमिट्ट लागतो.

चौथ्या आठवड्यापासून रात्रीचं ताट अलीकडे ओढायला सुरुवात. एकदम दोन तास नाही. तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं. दहाचे पावणेदहा, मग साडेनऊ. पोटाला घड्याळ असतं हे आपण गिरणीतले लोक जाणतो. रिसेसचा भोंगा झाला की भूक लागते, मग आधी खाल्लं असो वा नसो. शरीरात भुकेचा एक रस आहे, त्याला डॉक्टर लोक घ्रेलिन म्हणतात. तो रोजच्या जेवणाच्या वेळेला वाढतो आणि ती वेळ टळली की पुष्कळदा आपोआप उतरतो. वेळ हळू सरकवली तर तोही मागोमाग सरकतो. म्हणून नऊ वाजता उठलेली कळ जरा थांबलो, पाणी प्यालो, की अर्ध्या तासात विरते. पण भूक वेगळी आणि चक्कर वेगळी, त्यात गल्लत नको. ते पुढे सांगतो.

नवव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत आमचं रात्रीचं जेवण सात-साडेसातला आलं आणि सकाळचं पहिलं खाणं नऊच्या पुढे गेलं. चौदा तास झाले. तिथेच आम्ही थांबलो. रोजचा नेम तेवढाच. बारानंतर काही न खाणं ते फक्त पौर्णिमा, अमावास्या आणि दोन अष्टमी, तेही सुट्टी किंवा हलकं काम असेल तर, आणि ज्याला झेपतं त्याने. आठातले दोघे गळाले. एकाला पित्ताचा त्रास उठला, त्याला आम्हीच थांबवलं. दुसऱ्याने सांगितलं, मला नाही आवडत. आवडत नाही हेही कारण आहे, त्याच्यावर कोणी टोमणे मारायचे नाहीत.

आता घरातल्या भगिनींचं. हा मुद्दा आमच्या पुरुषांच्या बैठकीत आला नव्हता, तो महिला मंडळाने आणला, आणि बरं झालं आणला. तुम्ही सातला जेवणार, म्हणजे आम्ही पाचला चुलीपाशी. नळाला पाणी येतं साडेपाचला. विड्या वळायच्या, कांड्या भरायच्या, त्या कोणी? आणि तुम्ही सातला ताटावरून उठलात की आम्ही मागचं आवरून नऊला जेवणार, मग नेम कोणाचा झाला? बिनतोड सवाल. त्यावर दोन गोष्टी ठरल्या. एक, ज्या घरात हा नेम, त्या घरात सगळी ताटं एकदम वाढायची, बाईचंही. बाई शेवटी जेवते आणि उरलेलं जेवते, ही मनुस्मृतीची उरलीसुरली राखण आहे, ती २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळून झालेली आहे. दोन, पाण्याचं आणि पीठ मळायचं काम पुरुषाने आणि पोरांनी उचलायचं. आमच्यातल्या तीन घरांत हे खरोखर झालं. बाकीच्या घरांत चाललं आहे, असं म्हणून आम्ही पुढे जातो.

पाळीचं गणित वेगळं करावं लागतं. पहिल्या पाळीला, सात ते तीन, नेम सोपा. अकराच्या रिसेसला डबा भरपूर न्यायचा, संध्याकाळी सातला जेवायचं. दुसऱ्या पाळीला, तीन ते अकरा, पूर्वी डब्यात दोन पोळ्या आणि खरं जेवण घरी येऊन बारा वाजता. ते उलटं केलं. मोठा डबा सातच्या रिसेसला, घरी आल्यावर पाणी पिऊन झोप. पहिले आठ दिवस झोप येत नाही, मग पूर्वीपेक्षा बरी लागते. सकाळी उठल्यावर छातीत जळजळणारं आंबट पाणी बंद झालं, हे आम्हा तिघांना तरी खात्रीने सांगता येईल. रात्रपाळीच्या आठवड्यात मात्र नेम वाढवायचा नाही. नऊला जेवून जायचं, मध्यरात्री भजी-चहा टाळायचा, पण अंगात कमी आहे असं वाटलं तर चणे-फुटाणे, केळं बिनदिक्कत खायचं. गिरणीतली गरमी आणि दमटपणा तुम्हाला सांगायला नको. पाणी भरपूर, घाम जास्त असेल तर चिमूटभर मीठ टाकून. चालत्या साच्यापुढे चक्कर आली तर बोटं जातात. तिथे कसलाच उपास मोठा नाही. मागावर बारा-बारा तासांची पाळी करणाऱ्या बांधवांनी तर बारा तासांच्या रात्रीच्या उसंतीवरच थांबावं, असं आमचं मत आहे.

उसंत संपल्यावर काय खायचं? आमच्याकडे एकाने चौदा तास नेटाने काढले आणि नऊ वाजता गेटवर तीन वडापाव मारले. याला काय म्हणावं! ज्वारीची भाकरी, डाळ किंवा मटकी-हुलग्याची उसळ, पाला, कांदा, ठेचा बेताने, मिळेल तेव्हा अंडं, सुकट, मटण. वेळ आवळली म्हणून कस कमी करायचा नाही. आपल्या कष्टाच्या अंगाला डाळ-अंडं लागतंच. रेशनचा तांदूळ-गहू स्वस्त पडतो म्हणून ताटातून ज्वारी गेली आणि भाताचा डोंगर आला, तोही जरा उतरवा, पसेनदीसारखा, एक एक घास.

याचा फायदा काय, तर जेवढा आहे तेवढाच सांगतो. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकारांनी दिवसातून दोनदाच खाण्याचा विचार मांडला, पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत, असा तो घरोघरी नेला. अमेरिकेत सच्चिदानंद पांडा या आपल्या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने २०१२ साली उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. तेच चरबीचं खाणं आठ तासांतच दिलेले उंदीर दिवसभर खाणाऱ्यांपेक्षा सडपातळ राहिले. २०१६ चं नोबेल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना मिळालं. पेशी आपल्यातलाच निकामी माल मोडून परत कशी वापरतात याचा शोध त्यांनी यीस्टच्या पेशींवर लावला. मोबाईलवर मात्र उपासाला नोबेल मिळालं असं फिरतं, ते खरं नाही. आणि माणसांचं म्हणाल तर २०२२ साली चीनमध्ये १३९ लठ्ठ लोकांवर वर्षभर झालेली पाहणी प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांना सारखंच कमी खाणं, एका गटाने ते सकाळी आठ ते दुपारी चारमध्येच खायचं. वजन दोन्हीकडे उतरलं, फरक सांगण्यासारखा नाही. म्हणजे घड्याळात जादू नाही. पण आमच्यासारख्या माणसाला ताटातल्या उष्मांकाचा हिशेब जमत नाही, घड्याळ बघणं जमतं. रात्रीचं फरसाण आणि मध्यरात्रीचा भात गेला की खाणं आपोआप कमी होतं. आमचे पट्टे एक-दोन भोकं आत गेले ते एवढ्याचमुळे असावेत.

आता कोणी करू नये ते कान देऊन ऐका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या भगिनी, अठराच्या आतली मुलं, टीबीचं औषध चालू असलेले, आधीच वजन उतरत चाललेले म्हातारे, पोटात अल्सर असलेले, यांनी वेळेवर तीन वेळा जेवावं, आणि त्यांना कोणी शीलाचा धाक घालू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय एक तासही वाढवू नये. साखरेच्या गोळ्यांतही भेद आहे. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा एकदम पडत नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ही औषधं पोटात अन्न असो नसो, साखर खाली ओढतात. आपल्याकडे पुष्कळांच्या गोळीत दोन्ही एकत्र असतात, म्हणून पट्टीवरचं बारीक अक्षर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, उगाच चिडचिड, ही साखर उतरल्याची खूण. यंत्रावर ७० च्या खाली आकडा आला, किंवा यंत्र नसेल पण ही लक्षणं आहेत, तर ताबडतोब तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी परत बघायचं, मग भाकरी खायची. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, सरळ दवाखाना. नेम त्या क्षणी संपला, त्यात शील मोडलं असं मानायचं कारण नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता. ते दुखणं अंगावर वागवत त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिला, आणि १९५७ साली ग्रंथ छापून आला तो त्यांच्या पश्चात. हे दुखणं किती पोखरतं ते आपण तिथे पाहिलं आहे.

आमच्यातले दोघे गोळीवरचे आहेत. त्यांनी आधी डॉक्टरला जेवणाच्या नव्या वेळा सांगितल्या, डॉक्टरांनी एकाची गोळी कमी केली, दुसऱ्याची वेळ बदलली, आणि मगच ते पंधरा-पंधरा मिनिटांनी सरकले. ज्या ताईंची गोष्ट आम्ही सांगितली त्या आज पौर्णिमेला सात शीलं घेतात आणि सहाव्याच्या जागी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला जेवतात. असं चालतं का, म्हणून कोणी भन्तेजींना विचारलं. त्यांनी आजाऱ्याला दिलेल्या मुभेची आठवण करून दिली.

येत्या आषाढी पौर्णिमेपासून नवीन गट करायचा आहे. ज्यांना यायचं त्यांनी त्याआधीच्या रविवारी सकाळी दहा वाजता विहारात यावं. वजनकाटा आणि रक्तदाबाचं यंत्र समितीकडे आहे, साखर मोजायच्या पट्ट्या महिला मंडळ आणणार आहे. येताना चालू गोळ्यांची पट्टी आणि एक कोरी वही बरोबर आणावी. नवरा-बायको दोघांनी यावं, एकट्याने येऊन नाव नोंदवता येणार नाही. पहिल्या आठवड्यात कोणालाही काही सोडायचं नाही, फक्त लिहायचं आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.